दोन लाइन असूनही शाखेत सीबीएस रखडतं: तपासणी कुठून सुरू करायची

महिन्याच्या एक ते दहा तारखा, सोमवारची सकाळ, आणि सलग सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस. "साहेब, सीबीएस परत बसलं" असे फोन बहुतेक याच वेळांना येतात. सीबीएस म्हणजे कोअर बँकिंग, बँकेची सगळी खाती आणि व्यवहार सांभाळणारं मध्यवर्ती सॉफ्टवेअर. मी सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या शाखांचं नेटवर्क सांभाळतो. लक्ष्मी रोड, मार्केट यार्ड, हडपसरपासून भोर, सासवड, नारायणगावपर्यंत तक्रार तीच आणि कारणंही फिरून फिरून तीच. शाखेला डेटा सेंटरशी, म्हणजे सीबीएसचे सर्व्हर ठेवलेल्या जागेशी, जोडणाऱ्या दोन लाइन असतात, तिथे दोन-चार सर्व्हर असतात, सगळ्याचे पैसे दर महिन्याला जातात. तरी एक लाइन तुडुंब भरलेली आणि दुसरी रिकामी, एक सर्व्हर घायकुतीला आलेला आणि दुसरा निवांत. मग कुणीतरी बँडविड्थ वाढवायची नोट मंजुरीला टाकतं. माझं सांगणं एवढंच, की ती नोट टाकायच्या आधी ट्रॅफिक कोणत्या लाइनवर बसलंय, कुणाचं आहे आणि परत कोणत्या वाटेने येतंय ते बघा. रांगेत पेन्शनवाले आजी-आजोबा उभे असतात. त्यांना तासभर उभं ठेवणारं कारण पुष्कळदा एका ओळीच्या सेटिंगमध्ये सापडतं.

लक्षणं

फोनवर सगळे "स्लो आहे" एवढंच सांगतात. नेमकं काय होतंय ते खोदून विचारावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा असतात:

– सगळी काउंटर एकदम रखडतात, तेही ठरावीक वेळेलाच. सकाळी दहा ते साडेअकरा, किंवा संध्याकाळी डे-एंडच्या, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याच्या, तोंडावर.
– लॉगिन होतं, छोट्या स्क्रीन पटापट उघडतात, पण खातेदाराची सही-फोटो किंवा मोठं स्टेटमेंट मागितलं की पांढरी स्क्रीन.
– जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला व्यवहार अडकतो. परत लॉगिन केलं की सगळं सुरळीत.
– दिवसातून बऱ्याचदा सगळे एकदम बाहेर फेकले जातात आणि मिनिटाभरात परत आत येतात.
– शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं काम धडाक्यात चालू, दुसऱ्याला सारखी एरर.
– मॉनिटरिंगमध्ये एक लाइन पंचाण्णव टक्क्यांवर, दुसरी शून्यालगत.

यातलं आपल्याकडे कोणतं होतंय ते आधी ठरवा. पुढच्या तपासण्यांपैकी कोणती तुमच्या कामाची ते त्यावरून कळेल.

तपासणीला हात घालण्यापूर्वी शाखेतल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगा. पोस्ट केल्यावर स्क्रीन अडकली तर कॅशियरने बटण पुन्हा दाबायचं नाही. व्यवहार सर्व्हरवर पोचून नोंदला गेलेला असू शकतो, फक्त त्याचं उत्तर वाटेत हरवलेलं असतं. खात्याची त्या दिवसाची नोंद उघडून बघायची आणि मगच पुढे जायचं. एकाच खात्यात दोनदा नावे टाकलेली रक्कम संध्याकाळी शोधत बसण्यापेक्षा हे अर्धं मिनिट स्वस्त पडतं.

पहिली तपासणी: कागद आणि पेन

याला पैसे लागत नाहीत आणि हीच सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. किती काउंटरवर त्रास आहे, किती वाजता सुरू झाला, त्या वेळी शाखेत आणखी कोणतं काम चालू होतं, शेजारच्या शाखेला तसंच होतंय का. एवढं लिहून घ्या.

एकाच काउंटरवर त्रास असेल तर तो पीसी, त्याची केबल किंवा स्विचचं पोर्ट. लाइनकडे बघायचंच नाही. एका शाखेच्या सगळ्या काउंटरवर असेल तर शाखेची लाइन. पाच-सहा शाखांना एकाच वेळी असेल तर दोष मध्यवर्ती बाजूला आहे. मग तुमच्या शाखेचा राउटर दहा वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, उलट चालू असलेली माणसंही बाहेर फेकली जातील.

दुसरी तपासणी: रॅक उघडून बघा

बऱ्याच शाखांत नेटवर्कचा रॅक स्ट्राँगरूमच्या बोळात किंवा जिन्याखाली असतो आणि त्याच्यावर जुन्या व्हाउचरचे गठ्ठे रचलेले असतात. गठ्ठे हलवा, पंखा फिरतोय का बघा. मग डावीकडून उजवीकडे एकेक दिवा बघा: फायबरचा डबा, मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या केबलशी जोडणारा), राउटर, स्विच. फायबरच्या डब्यावर लॉसचा लाल दिवा असेल तर लाइनच तुटलीय, तक्रार नोंदवा आणि पुढचं वाचू नका.

पॅच कॉर्डची, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या छोट्या केबलची, क्लिप तुटलेली असते, ती अर्धवट बसते आणि झाडणारीचा झाडू लागला की हलते. असल्या केबलला चिकटपट्टी लावू नका, नवी घाला. दोन्ही लाइनची उपकरणं यूपीएसवर आहेत का तेही बघा. पुष्कळ ठिकाणी राउटर यूपीएसवर असतो आणि दुसऱ्या लाइनचा डबा भिंतीच्या साध्या प्लगवर. दिवे गेले की तो जातो, आणि बॅकअप नेमका गरजेच्या वेळी मिळत नाही.

फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करतो.

तिसरी तपासणी: पिंग, पण तीन ठिकाणी

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. शाखेच्या पीसीवरून तीन ठिकाणी पिंग लावा, प्रत्येकी शंभर पाकिटं. शाखेचा राउटर, लाइन देणाऱ्या कंपनीचा गेटवे, आणि डेटा सेंटरमधला पत्ता. सीबीएसचा सर्व्हर पिंगला उत्तर देत नसेल तर मुख्य कचेरीकडून उत्तर देणारा पत्ता मागून घ्या. हेच गर्दीच्या वेळी एकदा आणि शाखा बंद झाल्यावर एकदा करा.

शाखेच्या राउटरपर्यंत वेळ एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवा आणि एकही पाकीट हरवता कामा नये. तिथेच गळती असेल तर दोष शाखेच्या चार भिंतींत आहे.

पुढचा हिशेब सोपा आहे. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. पुण्याहून नवी मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत फायबर २०० किलोमीटर फिरून गेली असं धरलं तरी जाऊन-येऊन २ मिलिसेकंद होतात. मधल्या उपकरणांचा वेळ धरून दहा-पंधरा झाले तर ठीक. रिकाम्या वेळीही ऐंशी-नव्वद येत असतील तर ट्रॅफिक कुठूनतरी लांबच्या वळणाने जातंय. रिकाम्या वेळी बारा आणि गर्दीत तीनशे येत असतील तर लाइनच्या तोंडाशी रांग लागलीय, चौथ्या तपासणीकडे जा. डोंगराकडच्या एखाद्या शाखेची दुसरी लाइन व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरची, असेल तर तिथे पाचशेच्या वर येणारच. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे आणि पाकिटाला जाताना-येताना मिळून चार वेळा ती उंची कापावी लागते. तो दोष नव्हे. मात्र असल्या लाइनवर सीबीएस आणि दुसऱ्या लाइनवर कॅमेरा अशी उलटी वाटणी झालेली नाही ना, ते बघा.

पाकिटांच्या गळतीबद्दल एक सांगतो. शंभरात एखादंच हरवतंय म्हणून सोडून देऊ नका. पाकीट हरवलं की टीसीपी (पाकिटं नीट पोचवण्याची पद्धत) समजतो की वाटेत गर्दी आहे, आणि स्वतःचा वेग खाली आणतो. एक-दोन टक्के गळती असलेली मोठी लाइन बिनगळतीच्या छोट्या लाइनपेक्षा हळू चालते. आणि ट्रेसर्टमध्ये, म्हणजे वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या आदेशात, मधल्या एखाद्या टप्प्यावर चांदण्या (उत्तर न आल्याची खूण) दिसल्या, पण शेवटचा टप्पा स्वच्छ असला, तर घाबरू नका. मधले राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मागे ठेवतात.

चौथी तपासणी: लाइन कोण खातंय

काउंटरवरचं सीबीएसचं काम फार हलकं असतं. दहा-बारा काउंटरच्या शाखेला त्यासाठी २ एमबीपीएस सहज पुरावी. मग ती भरते कशाने?

पहिला आरोपी विंडोजचे अपडेट. ५०० एमबीचा एक अपडेट २ एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. दहा पीसींनी तो आपापला उतरवायला घेतला की पाच-साडेपाच तास, म्हणजे शाखेचा दिवस संपला. सोमवारी सकाळी त्रास होतो त्याचं हेही एक कारण आहे, दोन दिवस बंद असलेले पीसी एकदम जागे होतात. अपडेट मुख्य कचेरीच्या सर्व्हरवरून एकदाच उतरवून संध्याकाळी वाटा, किंवा शाखेतल्या शाखेत एकमेकांकडून घेण्याची सोय चालू करा. अँटिव्हायरसच्या अपडेटलाही हेच लागू.

दुसरा कॅमेरे. फुल एचडी कॅमेऱ्याचा एक लाइव्ह प्रवाह २ ते ४ एमबीपीएस घेतो. मुख्य कचेरीत कुणी भिंतीवरच्या पडद्यावर शाखेचे चार कॅमेरे उघडून ठेवले की शाखेची लाइन संपली. डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रावर) हलका सब-स्ट्रीम असतो, लांबून बघायला तोच द्या.

तिसरा चेकचे फोटो. प्रत्येक चेकचे तीन: पुढची बाजू ग्रे, पुढची काळी-पांढरी, मागची काळी-पांढरी. पूर्वी हे गठ्ठ्याने जायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सीटीएसमध्ये (फोटोवरून चेक वटवण्याच्या यंत्रणेत) दिवसा ठरलेल्या वेळेत सतत पाठवायची पद्धत आली. शाखेतच स्कॅनिंग होत असेल तर आता दिवसभर अपलोड चालू असतो, आणि अपलोडच्या आलेखाकडे फारसं कुणी बघत नाही. ब्रॉडबँडच्या काही प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा कमी असतो, प्लॅनचा कागद काढून बघा.

राउटरवर सगळ्यात जास्त वापर करणाऱ्यांची यादी निघते. गर्दीच्या वेळी ती पाच-पाच मिनिटांनी तीनदा काढा. एकट्या आलेखावर मात्र भिस्त ठेवू नका. बहुतेक ठिकाणी आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. साठ टक्के दिसत असतं आणि आत दर मिनिटाला दहा-दहा सेकंद लाइन शंभरावर जाऊन येते. कॅशियरला त्रास नेमका त्या दहा सेकंदांचा होतो.

पाचवी तपासणी: मोठी पाकिटं अडकतायत का

लॉगिन होतं पण सही-फोटो उघडत नाही, ही तक्रार असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा. नेहमीचं पाकीट १५०० बाइटचं असतं. ब्रॉडबँडवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी घेण्याची पद्धत) असेल तर ८ बाइट त्यातच जातात, वर व्हीपीएनची (सुरक्षित खासगी जोडणीची) वेष्टणं चढतात. मोठं पाकीट मावत नाही. ते मावत नसल्याचा निरोप परत यायला हवा, पण मधल्या फायरवॉलने तसले निरोप अडवलेले असतात. पाठवणाऱ्याला कळतच नाही, तो तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटी पाकिटं मात्र आरामात जातात, म्हणून पिंग स्वच्छ दिसतो.

पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय लावा आणि १४७२ बाइटपासून खाली या. त्यात २८ बाइटचं हेडर मिळवलं की १५०० होतात. कुठल्या आकाराला उत्तर यायला लागतं ते दोन्ही लाइनवर वेगवेगळं नोंदवा. टनेलचा (व्हीपीएनच्या बंद वाटेचा) एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४०० आणि टीसीपीचा एमएसएस, म्हणजे त्यातल्या डेटाचा कमाल आकार, १३६० ठेवला की बहुतेक शाखांचं काम होतं. १३७२ चा पिंगही जात नसेल तर त्याहून खाली यावं लागेल. एकाच लाइनवर हा आकार चुकलेला असेल, तर "कधी चालतं, कधी नाही" अशी तक्रार येते. त्या लाइनवर ज्यांचं काम वाटलं गेलं, त्यांचंच अडकतं.

राउटरमध्ये शिरलाच आहात तर पोर्टचे एरर काउंटरही बघून घ्या. मीडिया कन्व्हर्टरवर वेग १०० फुल ड्युप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) असा पक्का बांधलेला आणि राउटर ऑटोवर असेल, तर राउटर हाफ ड्युप्लेक्सवर (एका वेळी एकच) घसरतो. रिकाम्या लाइनवर काही कळत नाही, भार आला की लेट कोलिजन आणि सीआरसी एरर (पाकिटं आदळल्याच्या आणि बिघडल्याच्या नोंदी) वाढत जातात. दोन्ही टोकं ऑटो, किंवा दोन्ही टोकं पक्की. मधलं काही नको.

सहावी तपासणी: दुसरी लाइन खरोखर दुसरी आहे का

पेठेतल्या शाखेच्या मागच्या बाजूला जा आणि मान वर करून बघा. खांबावरून दोन काळ्या केबल येतात, एकीवर एका कंपनीची पट्टी, दुसरीवर दुसरीची. दोन्ही एकाच जीआय तारेला बांधलेल्या, एकाच खिडकीच्या भोकातून आत शिरलेल्या. कागदावर दोन कंपन्या, दोन बिलं, दोन करार. विसर्जन मिरवणुकीच्या आधी वाटेतल्या लोंबत्या केबल उतरवल्या जातात तेव्हा दोन्ही एकदम जातात. पावसाळ्यापूर्वीची खोदाई उरकायच्या घाईत जेसीबीचा दात लागला तर जमिनीखालच्या एकाच डक्टमधल्या दोन्ही तुटतात. एक लाइन जमिनीखालून आणि दुसरी सिमवर किंवा रेडिओवर असेल तर निदान एक उरते. नवा करार करताना शाखेपर्यंतची शेवटची केबल कोणत्या वाटेने येणार हे लेखी मागा.

मग प्रत्यक्ष तोडून बघा. शाखा बंद झाल्यावर मुख्य कचेरीला कळवून पहिल्या लाइनची केबल काढा आणि किती सेकंदांत सीबीएस परत येतं ते घड्याळ लावून मोजा. पण एवढ्याने भागत नाही. फायबर रस्त्यावर तुटली तरी शाखेतल्या डब्याचं इथरनेट चालूच राहतं, राउटरला लाइन जिवंत वाटते आणि तो ट्रॅफिक तिकडेच ढकलत राहतो. म्हणून लाइन जिवंत आहे का हे राउटरने डेटा सेंटरमधला पत्ता पिंग करून ठरवायला हवं, कंपनीचा जवळचा गेटवे बघून नव्हे. हे तपासायला केबल राउटरकडची नव्हे, फायबरच्या डब्याची बाहेरची बाजू काढून बघा.

सगळे एकदम बाहेर फेकले जातात आणि परत येतात, त्या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. पहिली लाइन लुकलुकतेय आणि राउटर दर वेळी तिकडे धावतो. प्रत्येक उडीला चालू सेशन तुटतात. जाताना पटकन जा, पण परत येताना थांबा: लाइन पाच-दहा मिनिटं सलग स्वच्छ राहिली तरच परत घ्या, असं सेटिंग ठेवा.

सातवी तपासणी: भार वाटला जातोय तो कसा

इथून पुढचं काम शाखेतल्या माणसाचं नाही, नेटवर्कवाल्याचं आहे. शाखाधिकाऱ्यांनी वाचून ठेवलं तर व्हेंडरला नेमके प्रश्न विचारता येतील.

राउटरवर लोड बॅलन्सिंग (दोन लाइनमध्ये भार वाटणं) चालू आहे, तरी दुसरी लाइन शून्यावर. याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे शाखा आणि डेटा सेंटर यांच्यात एकच व्हीपीएन टनेल असणं. राउटर प्रवाह, म्हणजे एका जोडणीची सगळी पाकिटं, वाटताना पाठवणारा पत्ता आणि घेणारा पत्ता बघतो, जमलं तर पोर्ट नंबर बघतो. टनेलमध्ये शिरल्यावर आतल्या सगळ्या काउंटरचं काम बाहेरून एकाच पत्त्याकडून एकाच पत्त्याकडे जाणारा एकच प्रवाह दिसतं. आयपीसेकच्या (व्हीपीएनमध्ये डेटा गुप्त करणाऱ्या पद्धतीच्या) पाकिटावर आतले पोर्ट दिसतच नाहीत. वाटायला दुसरं काही नसतंच, म्हणून सगळं एका लाइनवर. उपाय: प्रत्येक लाइनवर एक स्वतंत्र टनेल उभा करा आणि वाटणी टनेलमध्ये शिरण्याआधी करा, जिथे प्रत्येक काउंटरचा प्रवाह वेगळा दिसतो.

यावर काही जण पाकिटागणिक वाटणी चालू करतात, एक पाकीट या लाइनने, पुढचं त्या लाइनने. आलेख अगदी निम्मे-निम्मे दिसतात आणि शाखा आणखी रखडते. एकाच घरची माणसं दोन गाड्यांत बसवून एक गाडी जुन्या कात्रज घाटातून आणि दुसरी नव्या बोगद्यातून पाठवली तर ती एकत्र पोचत नाहीत, तसं पाकिटांचं होतं. क्रम मोडतो. मागचं पाकीट आधी आलं की टीसीपी पुढचं हरवलं असं समजून ते परत मागवतो आणि वेग खाली आणतो. शिवाय आयपीसेक जुनी पाकिटं कुणी पुन्हा पाठवत नाही ना हे तपासतो. त्याची खिडकी पुष्कळ उपकरणांवर मुळात ६४ पाकिटांची असते, त्याहून मागे पडलेलं पाकीट तो फेकून देतो. चांगल्या लाइनवर टनेलच्या आत गळती दिसते ती यामुळे.

वाटणी प्रवाहागणिक करा, आणि कामाच्या जातीप्रमाणे करा. माझ्या अनुभवात टिकणारी मांडणी अशी. सीबीएस, एटीएम आणि एनईएफटी-आरटीजीएसचं काम एमपीएलएस किंवा लीज लाइनवर (कंपनीने बँकेला दिलेल्या खासगी जोडणीवर). अपडेट, कॅमेरे, मेल, रिपोर्टच्या मोठ्या फायली ब्रॉडबँडवरच्या टनेलमधून. दोन्ही एकमेकींचा बॅकअप. दोन्ही लाइनवर सारखाच भार दिसायला हवा हा आग्रह सोडा. सीबीएसची लाइन तीस टक्क्यांवर आणि ब्रॉडबँड ऐंशीवर असेल तर ते उत्तम चाललंय.

आता सगळे विसरतात ती गोष्ट. एक लाइन पडली की दोन्हींचं ओझं एकीवर येतं आणि कॅमेऱ्याचा प्रवाह सीबीएसला दाबून टाकतो. बॅकअप चालला, पण काउंटर थांबले. म्हणून प्राधान्याचे नियम दोन्ही लाइनवर हवेत, ज्या लाइनवर एरवी सीबीएस जात नाही तिच्यावरसुद्धा. आणि शाखेच्या राउटरने बाहेर सोडायचा वेग लाइनच्या वेगापेक्षा थोडा खाली, नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर बांधा. म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये लागते, जिथे सीबीएसला पुढे काढता येतं. कंपनीच्या डब्यात लागलेल्या रांगेवर तुमचा काही इलाज चालत नाही.

आठवी तपासणी: परतीची वाट

शाखेच्या राउटरवर केलेली वाटणी फक्त शाखेतून बाहेर जाणाऱ्या पाकिटांना लागू होते. स्टेटमेंट, सही-फोटो, अपडेट ही मोठी वजनं डेटा सेंटरकडून शाखेकडे येतात, आणि ती कोणत्या लाइनवर घालायची हे डेटा सेंटरचा राउटर ठरवतो. शाखेत सगळं नीट मांडलं आणि तिकडे एकाच लाइनचा रूट असला की डाउनलोड पूर्ण एकीवर.

जाताना एक वाट आणि येताना दुसरी असली की फायरवॉलही काम बिघडवतो. एका फायरवॉलने सुरुवातीची विनंती पाहिली, उत्तर दुसऱ्यातून आलं. दुसऱ्याच्या लेखी असं सेशन नाहीच, तो उत्तर टाकून देतो. दोन्ही टोकांना नियम जुळतायत का हे शाखा आणि डेटा सेंटर दोघांनी एकाच वेळी फोनवर राहून तपासावं लागतं. एकट्याने एका बाजूला बसून हे सुटत नाही.

नववी तपासणी: डेटा सेंटरचा लोड बॅलन्सर

शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांत एकाला त्रास, किंवा बऱ्याच शाखांतल्या काहींना त्रास, हे लक्षण इथे आणतं. लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या माणसांना सर्व्हरांत वाटून देणारं उपकरण. चार गोष्टी विचारा.

माणूस कोणत्या सर्व्हरवर बसवायचा हे पाठवणाऱ्या आयपीवरून ठरतंय का? शाखेचे सगळे पीसी एकाच आयपीमागे लपवलेले असतील तर अख्खी शाखा एका सर्व्हरवर चिकटते. मुख्य कचेरीने सगळ्या शाखा एकाच आयपीमागे घेतल्या असतील तर अख्खी बँक एका सर्व्हरवर, बाकीचे रिकामे. कुकीवरून (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेवरून) चिकटवा, किंवा शाखांचे मूळ आयपी लोड बॅलन्सरपर्यंत पोचू द्या.

सर्व्हरची तब्येत कशी तपासली जाते? फक्त पोर्ट उघडा आहे एवढंच बघितलं जात असेल, तर आतून अडकलेला सर्व्हरही ठणठणीत ठरतो आणि त्याच्यावर माणसं येत राहतात. लॉगिनचं पान मागून योग्य उत्तर येतं का, इथपर्यंत तपासणी हवी.

वापर नसलेलं सेशन किती वेळाने तोडलं जातं? बऱ्याच लोड बॅलन्सरवर ही मर्यादा मुळात ५ मिनिटांची असते, फायरवॉलवर बहुधा तासाची, आणि सीबीएसची स्वतःची तिसरीच. जेवणानंतरचा पहिला व्यवहार अडकतो तो या तिघांत मेळ नसल्यामुळे. सीबीएसची मर्यादा सगळ्यात लहान ठेवा, म्हणजे माणूस स्वच्छपणे लॉगआउट होतो, वाटेत लटकत नाही.

आणि सकाळी एखादा सर्व्हर रिस्टार्ट झाला होता का? सगळे पावणेदहाला लॉगिन करतात आणि दिवसभर तिथेच राहतात. सर्व्हर दहाला परत आला तरी त्याच्यावर नवं कुणी येत नाही, बाकीचे संध्याकाळपर्यंत जास्तीचं ओझं वाहतात. रिस्टार्ट लॉगिनच्या गर्दीआधी पुरता आटोपायला हवा.

कुठे थांबायचं

शाखेतल्या माणसाने पहिल्या चार तपासण्या कराव्यात, पाचवीतला पिंगही लावायला हरकत नाही. राउटरचं सेटिंग बदलायला हात लावू नये. सहावीतली तोडून बघण्याची चाचणी मुख्य कचेरीचा माणूस फोनवर असतानाच करायची.

स्विच बाजूला काढून थेट राउटरला लॅपटॉप लावला तरी गळती आहे, केबल बदलली तरी सीआरसी एरर वाढतायत, तर लाइन देणाऱ्या कंपनीला बोलवा. राउटर किंवा रॅकच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच दूर व्हा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग गेलेलं असतं. पावसाळ्यात वीज पडून पोर्ट जळाला असेल तर शेजारच्या पोर्टवर केबल हलवून काम चालवत राहू नका, तोही तग धरेल याची खात्री नाही.

डेटा सेंटरचे रूट, फायरवॉल, लोड बॅलन्सर यांत कामाच्या वेळी बदल करायचा नाही, कितीही फोन आले तरी. आणि रात्री बँक बंद असते असंही आता नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. बदलाची वेळ लेखी मंजूर करून घ्या, जुनं सेटिंग जपून ठेवा, परत फिरायची वेळ आधी ठरवा.

लाइन पडली म्हणून शाखेच्या पीसीला मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून सीबीएस उघडायचा प्रयत्न कुणी करू नये. समोर रांग असताना मोह होतो, मला ठाऊक आहे. पण ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्याच एका सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. बँकेच्या आतल्या नेटवर्कला बाहेरचं दार नकळतही उघडता कामा नये. बॅकअपला सिम राउटर हवा असेल तर तो मुख्य कचेरीने टनेलसकट बसवून दिलेलाच वापरा.

लाइन कोण खातंय हे बघताना रात्री दोन वाजता अनोळखी पत्त्याकडे मोठा अपलोड दिसला, तर हे लोड बॅलन्सिंगचं काम उरलं नाही. तो पीसी नेटवर्कमधून काढा, पण बंद किंवा फॉरमॅट करू नका, आणि ताबडतोब बँकेच्या माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन करा. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात.

तक्रार नोंदवताना

"लाइन स्लो" एवढं लिहिलं की पलीकडून "आमच्याकडून ओके आहे" असं उत्तर येतं आणि टिकीट बंद होतं. त्याऐवजी सर्किट नंबर, त्रासाची नेमकी वेळ, तिन्ही ठिकाणचे गर्दीतले आणि रिकाम्या वेळचे पिंग, किती बाइटपर्यंत पाकीट जातं, पोर्टवरचे एरर तासाभरात कितीने वाढले, आणि दोन्ही लाइनचा त्या वेळचा अपलोड-डाउनलोड एवढं द्या. राउटर आणि पीसीचं घड्याळ जुळलेलं आहे याची आधी खात्री करा, नाहीतर तुमच्या सव्वाअकराच्या तक्रारीचा मेळ त्यांच्या लॉगमध्ये लागणार नाही. टिकीट नंबर रॅकच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जो कुणी रॅक उघडेल, त्याला तो लागेल.